वहीची मागची पानं

आमच्या शिरोळ तालुक्यात पूर आधी देवळात जातो. नृसिंहवाडीला कृष्णा चढायला लागली की घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात. मग उत्सवमूर्ती वर हलवतात आणि एका क्षणी पाणी उत्तरेच्या दारानं मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात आंघोळ करायला माणसं एसटीनं, टेम्पोनं, मध्यरात्री उठून येतात. माझी आई दर वर्षी जायची आणि ओल्या लुगड्यानं घरी येऊन सांगायची, "कृष्णामाई देवाला भेटली गं." तिथवरच्या पाण्याला आमच्याकडं कुणी पूर म्हणत नाही. पावसाळा म्हणतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये माई देवाला भेटून थांबली नाही.

नागपंचमी 5 तारखेला होती. त्या सकाळी पतसंस्थेत जाताना रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, राजाराम किती फुटावर?" पावसाळ्यात आमच्याकडं ही विचारपूस नमस्कारासारखी चालते. राजाराम बंधारा कोल्हापूरला, पंचगंगेवर. तिथं 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे आकडे 40 आणि 45. आम्ही मधले, आम्हाला दोन्ही लागतात. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला नृसिंहवाडीच्या संगमात शिरायला वाट मिळत नाही, ती मागं फुगते. वरून वारणा येते, खाली दूधगंगा मिळते, आणि पुढं कर्नाटकात अलमट्टीचं धरण. त्यामुळं शिरोळच्या माणसाला कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीचा विसर्ग पोरांच्या मार्कांसारखा तोंडपाठ असतो. त्या वर्षी राजारामला पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि आयर्विनला 57 च्या पुढं.

लोक वेळेवर का निघाले नाहीत, हे टीव्हीवरच्या मुलीनं फार वेळा विचारलं. कारण 2005. तो पूर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा होता. "तवा आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं न्हवतं," असं म्हणून माणसं भांडी माळ्यावर ठेवून बसली. ज्याच्या दारातल्या दुसऱ्या पायरीवर 2005 थांबला होता त्यानं ती पायरी धोक्याची पातळी धरली. सरकारची पातळी फुटात असते, आमची पायरीत. म्हशी सोडून यायला कुणी तयार नव्हतं हेही खरं. दावणीची जनावरं आणि म्हातारी माणसं, दोघांना हलवायचं तर घरातलं सगळ्यात धडधाकट माणूस लागतं, आणि घरात तसं माणूस एकच असतं.

8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. 17 जण गेले. ती बातमी आली तेव्हा आम्ही जयसिंगपुरात एका मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होतो. परातीवरचे सगळे हात एकदम थांबले, मग परत सुरू झाले. बाहेर जेवायला माणसं बसलेली होती.

आता 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगायला पाहिजे. अकराजणींची भिशी. महिन्याला दोन हजार, बावीस हजारांचा पुंजका, नंबर लागेल तिला. त्या महिन्याचा नंबर आमच्यातल्या शिवणकामवालीचा होता, तिला ओव्हरलॉक मशीन घ्यायचं होतं. तिनं स्वतः ते पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "मशीन दिवाळीला बघू." पुढं आमची रीतसर नोंदणी झाली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाचे हेलपाटे झाले, लेटरहेड आलं, दोन-तीन पुरुषही आले. संस्थेचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या दहाजणी म्हणतील, हिला जाहिरात करायची हौस. सुरुवात मात्र त्या बावीस हजारांची आणि त्या मशीनची. (मशीन दिवाळीलाही आलं नाही. पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला.)

जयसिंगपूर उंचावर, त्यामुळं खालच्या गावांतली माणसं आमच्याकडं आली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीला पाण्याखाली गेला होता, जवळजवळ आठवडाभर बंद. पेट्रोल नाही, दूध नाही, भाजी नाही. आणि रस्ता उघडल्यावर जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. महाराष्ट्रभरातून टेम्पो आणि ट्रक. नाशिकहून चादरी, लातूरहून धान्य. ज्यांना स्वतःला प्यायला टँकर लागतो अशा गावांतून पाण्याच्या बाटल्या. एका टेम्पोत चपात्या होत्या, दोन दिवसांच्या प्रवासात बुरशी धरलेल्या. प्रत्येक चळतीवर कुणीतरी वहीच्या कागदावर लिहिलं होतं, 'तुमची बहीण'. त्या आम्ही मागं नेऊन पुरल्या. फेकायचा धीर झाला नाही.

कपड्यांविषयी मात्र मी दोन शब्द कडूच लिहिणार. जुन्या कपड्यांचा डोंगर झाला. त्यात एक शेरवानी होती, जरीची, कोपरावर फाटलेली. उंच टाचांचे सँडल होते, त्यातही डाव्या पायाचा एकच. पोहण्याचा पोशाखही निघाला. तो बघून आमच्या सगळ्यात गंभीर काकूसुद्धा जमिनीवर बसून हसल्या. पण ज्या बाईची कालपर्यंत इरकलं ट्रंकेत होती, तिनं त्या ढिगात हात घालून आपल्या मापाचं पोलकं शोधायचं, हे बघवत नव्हतं. पहिले तीन दिवस आम्ही ते बघत उभ्या राहिलो. चौथ्या दिवशी ढीग आत नेला, निवडला, घड्या घातल्या आणि टेबल लावून दुकानासारखा मांडला. ज्यांना नवं पाहिजे होतं त्यांना नवीनच लुगडी, आतले कपडे, परकर आणि सॅनिटरी पॅड कुणी न मागता पिशवीत घालून दिले. हे शहाणपण आम्हाला एका म्हातारीनं दिलं. ढिगाजवळ जायला नको म्हणून ती आठ दिवस एकाच पातळावर होती, रात्री धुऊन अंगावरच वाळवायची.

आणि फोटो. तो माझा अपराध आहे, संस्थेचा नाही. मुंबईच्या एका देणगीदारांनी सांगितलं होतं, वाटपाचे फोटो पाठवा. मी मोबाईल धरला. समोर तिशीतली बाई, हातात किट. तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं, पदर ओढून तोंड झाकलं आणि किट हळूच टेबलावर परत ठेवलं. बोलली काही नाही. तिच्या मागं रांगेत तिची मुलगी होती, दहावीला असेल. मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि किट घेऊन तिच्या मागं पळाले. घेतलं तिनं, माझ्याकडं न बघता. त्या देणगीदारांना मी धान्याच्या पोत्यांचे फोटो पाठवले. त्यांनी परत पैसे पाठवले नाहीत.

वही त्याच दिवसांत आली. लाल पुठ्ठ्याची लांब वही, पतसंस्थेत खतावणीला वापरतो तसली. मी सत्तावीस वर्षं कारकुनी केलेली. माझ्या हातात खुरपं दिलं तर शोभत नाही, पण रकाने आखायला सांगा. पुढच्या पानांवर आवक आणि वाटप. तांदूळ, तूरडाळ, तेल, मेणबत्त्या, फिनेल, सतरंज्या, वैरणीच्या पेंढ्या. मागून उलटी धरून एक पान मी असंच सुरू केलं, लोक बोलता बोलता जे सांगायचे ते टिपायला. 'अमक्याची म्हैस वाहून गेली, दुधाची.' 'अमकीचा दहावीचा दाखला भिजला.' मला वाटलं चार-पाच पानं होतील.

त्याच सुमाराला सरकारचा एक आदेश चर्चेत होता. क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असेल तर दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ फुकट. दोन दिवस! यावर राज्यभर संताप झाला, विनोद झाले. आमच्या मंगल कार्यालयात मात्र एक आजोबा गंभीरपणे बोटं मोजत होते, त्यांच्या घरात पाणी किती दिवस होतं ते. बुधवार, गुरुवार... त्यांचा हिशेब नऊ दिवसांवर गेला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे कुणी लिवून घेणार काय?" मी वहीचं मागचं पान उघडलं आणि लिहून घेतलं. माझं खरं काम तिथून सुरू झालं असावं. तेव्हा तसं काही वाटलं नाही, आजोबांना बरं वाटावं एवढंच होतं.

पाणी उतरलं. माणसं घरी गेली, चिखल उपसला, टेम्पो यायचे बंद झाले. वास मात्र पुढं महिनाभर होता. मेलेली जनावरं, कुजलेला ऊस आणि भिजलेलं धान्य यांचा मिळून एक वास असतो. नळ चोंदल्यावर अजूनही मला तो आठवतो.

मग पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक अशी तिघं गावात. त्यांच्यावर मी राग धरत नाही. एकेकाकडं चार-चार गावं, त्यांची स्वतःची दप्तरं भिजलेली. पण कागदाला जे घर दिसतं आणि पुराला जे घर दिसतं ती दोन वेगळी घरं असतात, हे मला त्या महिन्यात कळलं. सानुग्रह अनुदान गावाकडं दहा हजार, शहरात पंधरा. पाच हजार रोख, बाकीचे खात्यावर. कुटुंबाला. आणि कुटुंब म्हणजे काय? आमच्या अनुभवात, रेशनकार्ड. एका वाड्यात तीन चुली, तीन भाऊ, त्यातला मधला वारलेला, त्याची बायको दोन पोरं घेऊन मागच्या सोप्यात वेगळी राहते. कार्ड सासऱ्याच्या नावावर एकच. पैसे सासऱ्याला मिळाले, थोरल्यानं घराला पत्रे घातले, तिच्या सोप्याची भिंत तशीच राहिली. कायद्यानं कुणी चूक केली नव्हती.

अशी नावं मागच्या पानांवर यायला लागली. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन सोळा वर्षं झाली, वारसनोंद नाही. केस कापणारा एक भाडेकरू, बारा वर्षं गावात, खुर्ची आणि आरसे गेले, पण घरपट्टीच्या उताऱ्यावर मालकाचं नाव. नदीकाठाला, सगळ्यात सखलात, जिथं पिढ्यान्‌पिढ्या वस्ती ढकलली गेली तिथली घरं, त्यांना उताराच नाही.

आणि वाटेकरी. त्याची गोष्ट जरा सावकाश सांगते. ऊस पाण्यात उभा राहिला म्हणजे लगेच मरत नाही. शेंडा पाण्यावर असेल तर तो पंधरवडाही काढतो. शेंडा बुडाला की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, गाळ जाऊन बसतो. पाणी उतरल्यावर वरून ऊस हिरवा दिसतो, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं वाचला. चार-सहा दिवसांनी पोंगा ओढला की दोन बोटांत सुटून येतो, बुडाला कुजलेला, आंबूस वास. मग कांड्याला डोळे फुटतात, पांगशा म्हणजे बाजूचे कोंब येतात आणि उसाचं वजन संपतं. एका वाटेकऱ्यानं मला फडात नेलं होतं. तो एकेक पोंगा उपटून माझ्या हातात देत होता, जणू मी मोजदाद करणार होते. बी त्याचं, खत निम्मं त्याचं, राबणूक सगळी त्याची. सातबारा मालकाचा, आणि मालक पुण्याला. बागायतीला तेव्हा केंद्राच्या निकषानं हेक्टरी साडेतेरा हजार, दोन हेक्टरपर्यंत, नुकसान 33 टक्क्यांच्या वर असेल तर. ते सातबाऱ्यावरच्या नावाला जाणार. आम्ही मालकांना फोन केला. सज्जन माणूस, त्यांनी निम्मे पाठवले. पण सज्जनपणावर चालणारी व्यवस्था किती दिवस चालणार?

भाकरी थापताना आमच्यात कधी भांडण झालं नाही. या नावांसाठी सरकारला निवेदन द्यायचं ठरलं तेव्हा झालं. "आपण मदत करणाऱ्या बायका, आपल्याला राजकारण कशाला?" असं दोघींचं म्हणणं. एकीचे यजमान सरकारी नोकरीत, तिची अडचण खरी होती. दुसरी म्हणाली, देणगीदार बिचकतील. तिचंही बरोबर निघालं. धान्याला पैसे देणारे पुष्कळ भेटतात. तालुक्याच्या गावाला अकरा वेळा जायच्या एसटीच्या तिकिटाला कुणी देणगी देत नाही. तरी गेलो. पहिलं निवेदन आम्ही इतक्या आदरानं दिलं की पोच घ्यायची राहिली. महिन्यानं विचारायला गेलो तर असं निवेदन आलंच नव्हतं. त्यानंतर मी दोन प्रतींशिवाय घराबाहेर पडत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर जातो हे माहीत असलेल्या बायका आमच्या भिशीत आता सगळ्याच आहेत, आणि लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा म्हणून ग्रामसभेत उभ्या राहून सांगणाऱ्या चारजणी. त्यातली एक म्हणजे तीच, मागच्या सोप्यातली. तिचं विभक्त रेशनकार्ड व्हायला चौदा महिने लागले.

ते झालं आणि आठ-नऊ महिन्यांत 2021 चा पूर आला. 22 आणि 23 जुलै. महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस. तिकडं चिपळूण बुडालं, तळियेवर डोंगर आला. इकडं राजारामला पाणी 56 फुटांवर, 2019 च्याही वर. सांगलीला मात्र थोडं कमी. या वेळी माणसं लवकर निघाली, म्हशींसकट. कोरोना होता, मंगल कार्यालयात अंतर ठेवून झोपायचं म्हणजे निम्मी माणसं व्हरांड्यात. पण जवळजवळ प्रत्येक बाईच्या कमरेला किंवा पोलक्यात प्लास्टिकची पिशवी होती. रेशनकार्ड, आधार, पासबुक, घरपट्टीची पावती. त्या उन्हाळ्यात आम्ही दारोदार जाऊन त्या पिशव्या वाटल्या होत्या, जाड पॉलिथीनच्या, वर लॉक असलेल्या, साडेचार रुपयाला एक. आमच्या सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू ती.

तरी कागद कुठं ना कुठं आडवा आलाच. मधल्या काळात काही बँका एकमेकींत विलीन झाल्या होत्या, जुने आयएफएससी कोड जूनअखेर बंद झालेले. पूर आला जुलैत. लोकांच्या पासबुकावर जुनाच कोड. दहा हजारांची मदत मंजूर, आणि पैसे आले तसे परत. इथं माझी पतसंस्थेतली सत्तावीस वर्षं कामाला आली. तीन रविवार मी आणि दोन कॉलेजची पोरं शाळेच्या व्हरांड्यात बसून पासबुकांवर नवे कोड लिहीत होतो. भाकरी मला कधीच गोल जमली नाही. कोड मात्र एकही चुकला नाही, हे इथं मिरवून घेते.

मोठे प्रश्न आमच्या आवाक्याबाहेरचे आहेत, आणि तरी ते सोडवत नाहीत. 2019 नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, 2020 मध्ये अहवाल आला. अलमट्टीला दोष देता येत नाही, असा त्यातला सूर. पाऊसच अफाट होता आणि नदीच्या पात्रात अतिक्रमणं झाली. गावात हे कुणाला पटत नाही. धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 पर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा विचार ऐकला की पारावरचं बोलणं बंद पडतं. 2025 च्या मे महिन्यात अंकली पुलावर चक्का जाम झाला तेव्हा मीही उन्हात बसले होते, यजमानांच्या नोकरीची अडचण असलेली आमची मैत्रीण शेजारी, ते आता निवृत्त झालेत. मला स्वतःला विचाराल तर अलमट्टीइतकाच आमच्या रस्त्यांच्या भरावांचाही हिशेब व्हायला हवा. मातीचे भराव घालून आपणच नदीला बांध घातले, कमानी ठेवल्या असत्या तर पाणी निघून गेलं असतं. आणि निळी पूररेषा, म्हणजे नदीला मोकळी सोडायची हद्द, ओलांडून झालेल्या प्लॉटिंगचाही. पण ते बोललं की आपल्याच माणसांशी वाकडं येतं. अलमट्टी लांब आहे, तिला शिव्या घालणं सोपं.

भिंतीची गोष्ट राहिली. 2021 च्या पंचनाम्यात वाद झाला, या आळीत पाणी एवढं नव्हतंच म्हणून. चिखलाची रेघ पावसानं धुऊन गेलेली. आजोबांचे नऊ दिवस माझ्या वहीत होते, पण उंची कुठंच नव्हती. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांना गोळा केलं, प्लंबरची पाण्याची नळी घेऊन लेव्हल काढली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर तीन रेघा मारल्या. 2005 निळी, 2019 लाल, 2021 काळी. ऑइल पेंट, हातभर लांब, शेजारी साल. 2005 ची रेघ माझ्या कमरेला लागते. बाकीच्या दोन्ही बघायला मान वर करावी लागते. पोरं सुट्टीत 2019 ला हात लागतो का म्हणून उड्या मारायची.

मागच्या वर्षी कुणी साहेब यायचे होते म्हणून शाळेला चुना लावला. रेघांसकट. विचारलं तर म्हणाले, भिंत घाण दिसत होती. मी निवेदन लिहिलं, दोन प्रती, पोच घेतली. उत्तर अजून यायचंय.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात मोठी सर आली तेव्हा योगायोगानं मी त्याच गावात होते, वारसनोंदीच्या कामाला. शाळेच्या पत्र्याखाली थांबले. समोरची भिंत भिजत गेली तसा चुना पाण्यानं विरळ दिसायला लागला, आणि आधी काळी, मग लाल, मग निळी, अशा तिन्ही रेघा चुन्याखालून वर आल्या. शेजारी एक शाळकरी मुलगी छत्री मिटून उभी होती. तिनं माझ्याकडं बघून सांगितलं, "ऊन पडलं की जातंय ते, मावशी."

सर थांबल्यावर मी बाजारात जाऊन पेंट घेतला. पाव-पाव लिटरचे तीन डबे. चुना ओला आहे, दोन दिवस उघडीप मिळाली की मारायचा.